पाखरे हाकलायची असतात

भूगावच्या घरामागे पाखरांसाठी दाण्यांचा डबा टांगला तो वडिलांसाठी. हे आधी सांगितले पाहिजे, कारण पुढे वर्षानुवर्षे येणारेजाणारे त्याला माझा छंद समजत राहिले. तो छंद नव्हता, उपाय होता. लागू पडला नाही.

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात, २००३ साली, वडील आमच्याकडे आले. त्यांना घरात सगळे अण्णा म्हणत. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कापसाच्या जिनिंगमध्ये त्यांनी आयुष्यभर तोलाईचे काम केले. आई असेपर्यंत दोघे तिथेच राहिले. ती गेल्यावर अण्णा एकटे असताना न्हाणीत पडले, आणि शेजाऱ्यांना कळेपर्यंत बराच वेळ गेला. हाड मोडले नाही. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि यांना यापुढे एकटे ठेवू नका, असे मला बाजूला घेऊन सांगितले. आम्ही त्यांना घेऊन आलो. येताना त्यांच्याजवळ खाकी कापडाची एक पिशवी होती. जिनिंगमध्ये असताना ते तीत डबा नेत असत. आता तीत कपडे होते.

ती पिशवी बायकोने माळ्यावर ठेवली. आठवड्याभरात ती खाली आली. अण्णांनी स्टुलावर चढून काढली होती, म्हणजे जे करू नये असे डॉक्टरांनी सांगितले होते नेमके ते केले होते. पलंगाच्या पायाशी पिशवी, तीत घडी केलेले धोतर, आणि वर टॉवेल.

"मला शिवाजीनगरला एस्टीत बसवून दे," ते म्हणाले.

"इथे काय कमी आहे?"

"कमी काहीच नाही. तेच तर सांगतोय. इथं मला काही कामच नाही."

पिशवी परत माळ्यावर गेली. नंतरच्या महिन्यांत ती किती वेळा खाली आली याची नोंद कोणी ठेवली नाही. पण सकाळी उठल्यावर माझी नजर आधी पलंगाच्या पायाशी जाई. पिशवी दिसली की त्या दिवशीचा निम्मा वेळ त्यांना समजावण्यात जाणार हे ठरलेले असे.

चांदणी चौक ओलांडून पौडच्या रस्त्याला लागले की तेव्हा बंगल्यांच्या प्लॉटची एक रांग होती. निम्मे प्लॉट बांधलेले, निम्म्यांवर गवत. आमचे घर रांगेच्या टोकाला. मागच्या तारेच्या कुंपणापलीकडे भाताची खाचरे सुरू होत. मी पुण्यात एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. दुपारी जायचे आणि अंक छापायला गेला की यायचे, त्यामुळे सकाळ झोपेत जाई. बायको हिंजवडीला कंपनीत. तिची बस सकाळीच येई. म्हणजे अण्णांच्या वाट्याला सकाळी झोपलेला मुलगा आणि दुपारनंतर रिकामे घर येत होते.

एकदा चहा पिताना ते म्हणाले, "इथं सकाळ झालेली कळत नाही. पाखरूसुद्धा ओरडत नाही."

मी हे वाक्य उचलले. डेस्कवरच्या माणसाला सवय असते. बोलणाऱ्याने दहा वाक्ये सांगितली तरी एक उचलायचे, त्याचा मथळा करायचा. बाकीची नऊ कात्रीत जातात. काम नाही, ओळखीचे कोणी नाही, दळण आणायलासुद्धा स्कूटर लागते, हे सगळे त्यांनी सांगून झाले होते. मी मथळा केला तो पाखरांचा.

पुण्याच्या एका प्रदर्शनात लाकडी डबा मिळाला. वर उतरते छप्पर, दोन बाजूंना काच, खाली दाणे सांडतील अशी फट आणि पाखराला बसायला दांडी. आंब्याचे एक कलम जेमतेम पुरुषभर वाढले होते, त्याला तो टांगला. आत बाजरी आणि राळे भरले. मागच्या पडवीत अण्णांसाठी वेताची खुर्ची ठेवली, तोंड डब्याकडे करून.

पहिल्यांदा मुंग्या आल्या. दोरीवरून खाली उतरत, काचेवरून आत. दोरीला एरंडेल लावले. मग खार आली. तिने छप्पर उचकटायला शिकून घेतले आणि दाणे खाण्यापेक्षा सांडण्यात जास्त रस दाखवला. छपराला तार बांधली. मग एक कावळा येऊन डब्याच्या वर बसला. दाण्यांकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. डबा डुलतो आहे एवढेच त्याला आवडले असावे. शेवटी शेजारच्या बंगल्यातले मांजर. ते कलमाच्या बुंध्याशी बसून डब्याकडे पाहत राही. त्या डब्याला पहिला खरा प्रेक्षक लाभला तो म्हणजे ते मांजर.

 सकाळी डब्याकडे तोंड करून ठेवलेली अण्णांची खुर्ची, मी आंघोळ करून येईपर्यंत खाचरांकडे वळलेली असे. मी ती पुन्हा फिरवी. दुपारी बाहेर पडताना पाहावे तर पुन्हा खाचराकडे. याविषयी आमच्यात एकदाच बोलणे झाले.

"अण्णा, इकडे बघा ना जरा. आलं तर दिसेल."

"आल्यावर काय करायचं?"

"बघायचं."

"पाखरू?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू मी तोलाई न करताच गाडी सोडून दिली होती. "लेका, पाखरं बघायची नसतात. हाकलायची असतात."

लहानपणी ते ज्वारी राखायला जात. शेतात चार खांब रोवून वर फळ्या टाकलेला माळा, हातात गोफण, कमरेला खड्यांची पिशवी, आणि दिवस उजाडायच्या आत हाळी सुरू. हे मी अनेकदा ऐकले होते. हे आठवणीतले सांगणे आहे, एवढेच मला वाटे. त्यात काही मागणे असेल असे वाटले नाही.

भाद्रपद संपता संपता पाखरे आली. एके दिवशी जाग आली ती बारीक शिट्ट्यांसारख्या आवाजाने. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले तर कुंपणाच्या तारेवर तपकिरी रंगाच्या, पोटावर खवले असलेल्या मुनियांची ओळच्या ओळ बसलेली. मधूनच एखादी डब्याच्या दांडीवर येई, इकडेतिकडे पाही, उडून जाई. दोन दिवसांत त्यांच्यात सुगरणी मिसळल्या, मग पोपटांचा एक थवा कर्कश ओरडत डोक्यावरून गेला. इतक्या महिन्यांच्या मेहनतीला यश आले होते. डेस्कवर मी दोघातिघांना सांगितलेसुद्धा.

अण्णा पडवीत उठून उभे होते. खुर्ची डब्याकडे नव्हती, खाचराकडे होती.

रविवारी बायकोने डबा उतरवून पाहिला. "यातले दाणे तसेच आहेत," ती म्हणाली.

"भरले असशील तू."

"मी कशाला भरेन? मागच्या रविवारी जिथपर्यंत होते तिथपर्यंतच आहेत. वर जाळं धरलंय कोळ्यानं."

तिने काच माझ्यासमोर धरली. कोळ्याचे जाळे होते. पाखरे डब्यासाठी आली नव्हती. पलीकडच्या खाचरांत भाताच्या लोंब्या बाहेर पडून दाण्यांत दूध भरू लागले होते, त्यासाठी आली होती. आमच्या तारेवर ती फक्त थांबत होती, जेवायला जाण्याआधी माणसे हॉटेलाच्या दारात थांबतात तशी. बातमी खरी होती. तिचे कारण मात्र मी चुकीचे लावले होते.

माझ्यासारखीच चूक आणखी एकाने केली होती. खाचरांचा मालक, म्हणजे आमचा मागचा शेजारी, आमच्याकडे दूध घालत असे. पन्नाशीचा, उंच, बोलायला सडेतोड. सोमवारी तो किटली घेऊन पुढच्या दाराने आला नाही. कुंपणाच्या तारेपाशी, मागच्या बाजूने येऊन उभा राहिला. हातात उपटलेल्या लोंब्यांची मूठ.

"काय ओ पेपरवालं, पाखरं पाळली व्हय?"

"पाळली नाहीत. दाणे ठेवतो फक्त."

"त्येच म्हंतोय मी. पावन्यांला जेवाय तुमी बलवायचं आन् पंगत आमच्या खाचरात!" त्याने लोंबी बोटांत चिरडून दाखवली. आत काही नव्हते. "दूध पिऊन गेली सगळी. निसतं पोचट राह्यलंय. त्यो डबा काढा आजच्या आज."

मला उत्तर ठाऊक होते, पण ते देणे अवघड होते. डब्याचा बचाव करायचा तर डबा निरुपयोगी आहे हे कबूल करावे लागणार होते. ते केले. दाणे जसेच्या तसे आहेत, जाळे धरले आहे, पाखरे भातासाठी आली आहेत, डब्यासाठी नाहीत, असे सगळे क्रमाने सांगितले. त्याने ऐकून घेतले.

"म्हंजे डबा कामाचा न्हाई?"

"नाही."

"मग ठेवलाय कशाला?"

मी कलमाकडे पाहिले.

"दरसाल येत्यात, मान्य हाय," त्याचा आवाज जरा उतरला. "पर दरसाल राखाय मानूस हुतं. औंदा पोरं दोनी पिरंगुटला कंपनीत. मंडळीचं गुडघं गेलं. मी दूध घालू, का डबडं वाजवत बसू? राखाय बसायचं कुनी? तुमी बसताव?"

"मी बसतो," मागून आवाज आला.

अण्णा पडवीच्या पायरीवर होते. पायात चप्पल घातलेली. ती त्यांनी कधी घातली ते मला कळले नव्हते.

शेजाऱ्याने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिले. "आण्णा, ह्ये भात हाय. तुमच्याकडली ज्वारी न्हवं."

"पाखरू तेच असतंय," अण्णा म्हणाले.

मी रक्तदाबाचा विषय काढला, उन्हाचा काढला, बांधावर पाय घसरतो हे काढले. अण्णा म्हणाले, "माळ्यावर चढत नाही. खाली बसतो. झालं?" हे वाक्य त्यांनी मला सांगितले खरे, पण पाहत होते शेजाऱ्याकडे. शेजाऱ्याने तारेचे दोन पदर हाताने फाकवले आणि अण्णा त्यातून वाकून पलीकडे गेले. ज्या माणसाला न्हाणीत धरून न्यावे लागे, तो.

दुसऱ्या दिवशी आमच्या कुंपणालगतच्या बांधावर चार बांबूंवर निळे प्लास्टिक ताणले गेले. खाली पोते, पोत्यावर अण्णा, शेजारी तेलाचा रिकामा डबा आणि काठी. बायकोकडून त्यांनी सुतळी मागून घेतली आणि एका दुपारात गोफण विणली. त्या दुपारी मी कामावर जाताना ते मान वर न करता म्हणाले, "संध्याकाळी जेवायला थांबू नका माझ्यासाठी." मी रोज जेवणानंतरच येत होतो. तरी त्यांनी सांगितले.

गोफणीचा पहिला खडा खाचर सोडून शेजारच्या बंगल्याच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर जाऊन आदळला. त्या बंगल्यात एक तरुण जोडपे राहत होते. दोघे सोलापूरकडचे, दोघे सॉफ्टवेअरमध्ये. तरुण कुंपणापाशी आला. आवाज सौम्य होता.

"काका, प्लीज, टाकीचं जाऊ द्या. पण सकाळी ते डबं वाजवताय ना... माझे यूएसचे कॉल असतात रात्री. मी पहाटे झोपतो."

"मग दुपारी झोपायचं," अण्णा म्हणाले. "दुपारी पाखरंसुद्धा झोपतात. तुम्हाला काय झालं?"

तरुण हसला आणि गेला. गोफणीत खड्यांऐवजी मातीची ढेकळे आली. हवेत फुटून पसरतात, कुणाला लागत नाहीत. डबा मात्र वाजत राहिला.

आता माझीही पहाटेची झोप गेली. अंधार पुरता फिटायच्या आत मागून हाळी येई. शब्द नसलेली, लांबवलेली, शेवटी वर चढणारी हाळी, आणि तिच्यामागून डब्याचा कडकडाट. मुनियांची अख्खी ओळ कुंपणावरून उठे आणि रस्त्यापलीकडे जाई. ज्या पाखरांना एका ठिकाणी आणण्यासाठी मी उन्हाळाभर दोऱ्या, तारा आणि एरंडेल यांच्याशी झटलो, त्यांना अण्णा चहाच्या आधी तालुक्याबाहेर पाठवत होते. आंब्याच्या कलमाला डबा लोंबकळत होता. आत बाजरीला कीड लागली.

एकदा मी सुचवून पाहिले, "हाकलताना जरा घराच्या बाजूला हाकला. डब्याकडे येतील तरी."

"तुझ्या पेपरात चालत असेल तसं," अण्णा म्हणाले. "पाखराला कुठं जायचं ते सांगता येत नाही. फक्त इथं नको एवढं सांगता येतं."

खाचरवाल्या शेजाऱ्याची बायको दुपारी भाकरी पाठवी. तांदळाची, पांढरी, पातळ. पहिल्या दिवशी अण्णांनी ती उजेडाकडे धरून पाहिली. "यातून पेपर वाचता येईल," असे ते म्हणाल्याचे शेजाऱ्याने मला सांगितले. भात हे त्यांच्या लेखी आजाऱ्याचे जेवण होते. महिन्याभरात ते बायकोला सांगू लागले, की उकड नीट काढली नाही तर भाकरी कडेला फाटते.

पिशवी माळ्यावर होती. कापणी होईपर्यंत ती खाली आली नाही.

हा भाग इथेच संपला असता तर बरे झाले असते. कापणीनंतर खाचरे मोकळी झाली, निळे प्लास्टिक निघाले, पिशवी खाली आली. पण आता अण्णांना समजावण्यासाठी माझ्याकडे एक वाक्य होते: "पुढच्या साली राखायला कोण बसणार?" ते वाक्य पुरत असे. थोडा वेळ विचार करून ते पिशवीतला टॉवेल काढत आणि आंघोळीला जात. आषाढात लावणी सुरू झाली तेव्हा ते छत्री घेऊन बांधावर उभे होते, कोणी बोलावले नसताना. दुसऱ्या साली पुन्हा राखण झाली. गोफण नवी, डबा तोच.

तिसऱ्या साली उन्हाळ्यात खाचराच्या चारी कोपऱ्यांवर सिमेंटचे खांब आले. मग तार आली. मग एका बिल्डरचा फलक, त्यावर बाल्कनीत उभ्या असलेल्या हसऱ्या कुटुंबाचे चित्र. शेजाऱ्याने जमीन दिली होती. दूध मात्र घालत होता. किटली तीच, गाडी नवीन.

मी त्याच्याकडे गेलो. या जाण्याला मी बरेच दिवस घेतले होते आणि जाताना शब्द जुळवून नेले होते. बांधकाम लगेच सुरू होणार नाही, हे त्यानेच सांगितले होते. मग यंदापुरते एक खाचर, फक्त कुंपणालगतचे, लावता येईल का? बियाणे, मजुरी काय लागेल ते मी पाहीन.

"कुनासाठी? आण्णांसाठी?" त्याने लगेच ओळखले. "पेपरवालं, म्या इकल्यावर आता ती जिमीन माजी हाय व्हय? बिल्डर म्हनल, सातबारा माजा आन् भात तुजं?"

"एक विचारून तरी बघा त्याला."

"इचारतू. पर एक सांगा." तो आमच्या घराकडे हात करून म्हणाला, "तुमचं घर हाय त्ये बी माज्या चुलत्याचं खाचरच हुतं. लई चांगलं पिकायचं. घर बांदताना कुनी म्हनलं का, यंदापुरतं भात लावू द्या?"

तो चिडून बोलत नव्हता. किटलीचे झाकण लावत बोलत होता. पुढे त्याने बिल्डरला विचारले, आणि बिल्डरने नाही म्हटले, हेही त्याने प्रामाणिकपणे येऊन सांगितले.

त्या पावसाळ्यात खाचरात गवत माजले. गवताला तुरे आले, तुऱ्यांत बी भरले आणि मुनिया आल्या, मागच्या दोन्ही सालांपेक्षा जास्त. अण्णा पडवीत खुर्चीवर बसून पाहत होते. खुर्ची कुठे वळवायची हा प्रश्न आता उरला नव्हता. चहूकडे पाखरेच होती. मी एकदा तेलाचा डबा त्यांच्या जवळ आणून ठेवला. त्यांनी तो पायाने बाजूला सारला.

"कशावरून हाकलू? गवतावरून?"

गणपती उठल्यावर पिशवी खाली आली. या वेळी मी पुढच्या सालाचे वाक्य म्हटले नाही, कारण ते खोटे झाले असते. डॉक्टरांचे म्हणणे पुन्हा सांगितले. बायकोने सांगितले. अण्णा म्हणाले, "पडायचं तर इथंही पडेन. तिथं निदान उठवायला ओळखीचं माणूस येईल." शिवाजीनगरला मी त्यांना एस्टीत बसवून दिले. तिकडच्या शेजाऱ्याला रोज सकाळी एकदा डोकावून जायला सांगून ठेवले आणि रोज दुपारी फोन करायचे ठरले.

फोनवर बोलण्यासारखे काही नसे. गोळ्या घेतल्या का? घेतल्या. जेवण? झालं. अशा बोलण्याला डेस्कवर कोणी चार ओळीसुद्धा दिल्या नसत्या. तेव्हा मी एक गोष्ट केली. मागच्या अंगणातली हिरवळ काढून टाकली. ती तशीही जगत नव्हती. काळ्या मातीची एक ट्रॉली टाकून घेतली. दसऱ्यानंतर तिथे ज्वारी पेरली. किती? पडवीपासून कुंपणापर्यंत जितक्या ओळी बसल्या तितक्या. याला शेत म्हणता आले नसते. पण फोनला विषय मिळाला.

"ज्वारी पेरलीय."

 "कुणी?"

"मी."

"कुठं?"

सांगितले. ते हसले. मग विचारले, पाणी कधी देतोस? त्या दिवशी फोन लांबला. नंतर रोज ते आधी ज्वारीचे विचारत, मी गोळ्यांचे नंतर. किती पानांवर आली. खोडमाशी तर नाही. पोटऱ्यात आली का. कणीस बाहेर पडले का. मी पाहून जसेच्या तसे सांगत असे. पाहून सांगणे हे मला येत होते.

जानेवारीत कणसे भरली. हुरड्याच्या बेताला आली तेव्हा एके दिवशी पोपट उतरले. मी खिडकीशी होतो. पहिला पोपट कणसावर उलटा लोंबकळला, एका पायात कणीस धरून दाणे उपटू लागला. मग दुसरा. मग साळुंक्या, चिमण्या, मुनिया. एक सुगरण. हातभर अंतरावर, काचेपलीकडे, आमच्या अंगणात. डब्याची काच, दांडी, छप्पर यांच्यापाशी जे दोन-अडीच वर्षांत घडले नव्हते ते सगळे इथे एका सकाळी घडत होते. चहा गार झाला. मी तिथेच उभा होतो.

दुपारी फोनवर ते सांगितले. नीट, क्रमाने. कोणती पाखरे आली, कुठल्या ओळीवर बसली, किती वेळ होती.

अण्णांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "आणि तू काय केलंस?"

"बघत होतो."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामावर असताना ते भूगावात आले. एस्टीने शिवाजीनगर, तिथून दोन बस बदलून. कुणाला कळवले नव्हते. बायकोने दार उघडले तर पिशवी खांद्याला. चप्पल न काढता ते घरातून सरळ मागे गेले. तोपर्यंत कणसांवर काही उरले नव्हते. पांढरी, टोकरलेली बोंडे उभी होती. बायको सांगते, त्यांनी प्रत्येक ओळीतून हात फिरवत शेवटपर्यंत फेरी मारली, जसे तोलाईआधी गाठींवर हात फिरवावा तसे. आंब्याच्या कलमामागे, डब्याच्या सावलीत, एक कणीस अख्खे राहिले होते. ते त्यांनी मोडून घेतले.

सकाळी मी उठलो तेव्हा ते पडवीत बसून ते कणीस रुमालात बांधत होते.

"पाखरांना बोलावणं पाठवतंय कोण? ती येतातच," ते म्हणाले. "राखायला माणूस लागतं."

"मग थांबा ना."

"आता काय राखू? बोंडं?"

"पुढच्या साली पुन्हा पेरतो."

"काय पेरशील? हे बियाणं माझ्याकडं राहू दे. तुझ्याकडं राहिलं तर तू डब्यात टाकशील." रुमाल पिशवीत गेला. "दसऱ्याला येतो."

ते चार दिवस राहिले, कडबा कापून त्याच्या पेंढ्या बांधल्या, शेजाऱ्याच्या गोठ्यात नेऊन दिल्या, आणि परत गेले.

ते दसऱ्याला आले. त्यानंतरही दर दसऱ्याला येत राहिले. रुमालातले बी घेऊन येत, पेरत, संक्रांतीनंतर कणसे कापली की नवे बी रुमालात बांधून जात. थांबा म्हटले की थांबत नसत. वर्षातले चार महिने ते आमच्याकडे असत. बाकीचे आठ महिने ते त्या गावी, त्या घरात, त्या न्हाणीपाशी एकटे असत, आणि दुपारी फोनची घंटा दोनदा वाजून कोणी उचलला नाही की डेस्कवर माझ्या हातातली बातमीची कॉपी तशीच राही. मला जे हवे होते ते हे नव्हते. याहून जास्त मिळाले नाही.

मागच्या खाचरावर आता चार मजले झाले आहेत. बाल्कन्यांतून पारवे बसतात. शेजारच्या तरुणाने दुहेरी काचा बसवून घेतल्या. आंब्याच्या कलमाला डबा अजून आहे. फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत अंगणात पाखरे असतात. बुलबुल, साळुंक्या, होले, कधी दयाळ. ती डब्याकडे वळत नाहीत, पण येतात, आणि त्या महिन्यांत मी खिडकीशी फार वेळ उभा राहत नाही.

जानेवारीत अजूनही उजाडायच्या आत मागे अण्णांची हाळी सुरू होते, तेलाचा डबा वाजतो. मी झोप मोडून खिडकीशी जातो. बाहेर ज्वारी उभी असते, कणसे भरलेली. एकही पाखरू दिसत नाही.